फेरेटची शुगर तपासायची आहे? मग ‘रात्रीपासून उपाशी’ विसरा

"रात्री जेवून घ्या, मग काही खाऊ नका, सकाळी उपाशीपोटी या. पाणी चालेल, चहा नको." लॅबच्या काउंटरवर दिवसभर हेच म्हणून म्हणून आमच्या जिभेला त्याचं वळणच पडून गेलेलं असतं. मी जळगावात काम करते ती लॅब माणसांचीच. पण प्राण्यांची वेगळी लॅब जवळपास नसली की कुत्र्यामांजरांच्या रक्ताचे बल्बही (म्हणजे नमुन्याच्या नळ्या) आमच्याच टेबलावर येतात, आणि हल्ली क्वचित एखाद्या फेरेटचाही. चिठ्ठीवर ‘फास्टिंग’ एवढंच लिहिलेलं असतं. घरचे लोक ते आपल्या शुगरच्या हिशेबाने वाचतात: म्हणजे बारा तास.

फेरेटला बारा तास उपाशी ठेवणं धोक्याचं आहे. निरोगी, मोठ्या फेरेटला साधारण ३ ते ४ तास पुरतात. साखर खाली जाण्याचा आजार असल्याचा संशय असेल तर त्याहूनही कमी, तेही डॉक्टरांच्या नजरेसमोर. असं का, ते कळलं की पुढची तयारी आपसूक जमते. नुसता आकडा पाठ केला, तर ऐनवेळी डॉक्टरांना उशीर झाला की गोंधळ उडतो.

आधी प्राणी कोणता, ते. खानदेशात फेरेट घेऊन दवाखान्यात गेलं की बाकड्यावर बसलेला कोणीतरी विचारतोच, "मुंगूस पाळलंय का?" नाही. मुंगूस आपल्या रानातला, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित. त्याला घरात ठेवता येत नाही. फेरेट हा युरोपातल्या पोलकॅट नावाच्या प्राण्यापासून माणसाळवलेला. दोनेक हजार वर्षांपासून लोक त्याला सशाच्या बिळात सोडून ससे बाहेर हुसकवायला वापरत आले. मुंगसापेक्षा पाणमांजर त्याच्या जवळच्या नात्यातलं. अंगाने लांबट, वजनाने किलोभर, जास्तीत जास्त दोन. आणि पक्का मांसाहारी: पोळी, भात, केळं यावर जगायला त्याचं पोट बनलेलंच नाही.

आतडं आखूड, साठा कमी

फेरेटच्या पोटात गेलेला घास साधारण तीन-चार तासांत दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो. पिलांमध्ये तर त्याहूनही लवकर. आतडं आखूड आहे, आणि चारा आंबवून पचवण्यासाठी सशाला जी मोठी सीकमची पिशवी असते ती याला मुळातच नाही. म्हणून तो दिवसातून आठ-दहा वेळा थोडं थोडं खातो. झोपतो, उठतो, दोन घास खातो, धुडगूस घालतो, परत झोपतो.

शरीर लहान असलं की इंधन भराभर जळतं. शिवाय यकृतात साखर साठवून ठेवायची जागाही बेताची. थोडक्यात, फेरेटचं पोट हातावर आहे: रोज कमवायचं, रोज खायचं, घरात कणगी नाही. माणसाने रात्री भरपेट जेवून सकाळपर्यंत काही खाल्लं नाही तरी यकृत साठ्यातून थोडी थोडी साखर रक्तात सोडत राहतं आणि आपल्याला चहाची तलफ यापलीकडे काही जाणवत नाही. फेरेटच्या बाबतीत तीन-चार तासांत जठर आणि आतड्याचा वरचा भाग रिकामा झालेला असतो, म्हणजे उपवासाचा जो हेतू असतो तो साधलेला असतो. त्यापुढे उपाशी ठेवून तपासणीला काडीचाही फायदा नाही, प्राण्याला मात्र तोटा.

‘उद्या उपाशी आणा’ हा सरसकट निरोप कुठून आला, हेही पाहण्यासारखं आहे. आपल्याकडच्या पशुवैद्यकाचा बराचसा दिवस गाई, म्हशी, बैल, शेळ्यांमध्ये जातो. मोठ्या गाईला भूल द्यायची असेल तर २४ ते ४८ तास चारा बंद ठेवतात, कारण तिच्या पोटाचा पहिला कप्पा शंभर लिटरहून मोठा असतो. आडवं पाडलं की त्यातलं पाणी-चारा घशात येऊन श्वासनळीत जाऊ शकतो, वायू धरून पोट फुगू शकतं. शेळीला १२ ते २४ तास. कुत्र्याला पूर्वी रात्रभर उपाशी ठेवत; अलीकडे निरोगी मोठ्या कुत्र्यासाठी ४ ते ६ तास पुरे मानतात. सशाचं याच्या अगदी उलट. त्याला उलटी करताच येत नाही आणि पोट रिकामं राहिलं तर आतड्याची हालचालच थांबते, म्हणून त्याच्यापुढून गवत काढतच नाहीत. फेरेट या दोन्हींच्या मधला. त्याला उलटी होते, त्यामुळे भूल देण्याआधी पोट रिकामं हवं. पण साठा नाही, त्यामुळे ते फार वेळ रिकामं राहता कामा नये. एकाच दवाखान्याच्या दारात गाय, ससा आणि फेरेट आले तर तिघांना तीन वेगळे निरोप द्यावे लागतील.

इन्सुलिनोमा: तपासणीतच असलेली अडचण

फेरेटची उपाशीपोटी शुगर पाहायची वेळ बहुतेकदा एका आजाराच्या संशयावरून येते. त्याचं नाव इन्सुलिनोमा. स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींची बारीक गाठ होते, कधी ज्वारीच्या दाण्याएवढी, कधी त्याहूनही लहान. तीन-चार वर्षं वय ओलांडलेल्या पाळीव फेरेटांमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या गाठींपैकी ही एक.

निरोगी शरीरात साखर खाली आली की इन्सुलिन थांबतं. या गाठीला तो लगाम नसतो. पोटात अन्न असो वा नसो, ती इन्सुलिन सोडत राहते. शिवाय इन्सुलिन यकृतालाही साठ्यातली साखर सोडू देत नाही. मग साखर घसरत जाते आणि सगळ्यात आधी मेंदूला तिची चणचण भासते.

लक्षणं सुरुवातीला इतकी बारीक असतात की घरचे म्हणतात, "म्हातारा झाला, आळशी झाला." धावता धावता मध्येच थांबून शून्यात बघत बसणं. मागचे पाय लटपटणं, जिन्याच्या पायरीवर चढताना मागचा भाग घसरणं. तोंडातून लाळ गळणं. आणि एक खूण नेमकी लक्षात ठेवावी: पुढच्या पंजाने तोंड खरवडणं, जणू दाढेत काही अडकलंय. मळमळतं तेव्हा फेरेट असं करतो. पुढे झटके येतात, आणि त्याही पुढे प्राणी बेशुद्ध पडतो.

आता अडचण बघा. नुकतंच खाल्लेलं असेल तर अशा आजारी फेरेटचीही साखर ठीक दिसू शकते, म्हणून उपाशीपोटी तपासावं लागतं. पण ज्या उपवासाने आजार उघडा पडणार, तोच उपवास त्याला झटक्यापर्यंत नेऊ शकतो. म्हणून संशय असलेल्या फेरेटला बरेच डॉक्टर दोन-तीन तासच उपाशी ठेवतात, आणि तोही वेळ घरी नाही, दवाखान्यात. मधेच मान टाकली तर सुई लगेच टोचता यावी, आणि रक्त घेतल्या घेतल्या साखरही देता यावी. घरून उपाशी आणायला सांगितलं असेल आणि तुमच्या फेरेटमध्ये वरची लक्षणं असतील, तर फोन करून एवढंच विचारा: "डॉक्टर, आम्ही खाऊ घालून आणतो, उपवास तुमच्याकडे सुरू केला तर चालेल का?" असं विचारण्यात कमीपणा कसला!

आणखी एका फेरेटला उपाशी ठेवायचंच नाही: शेवटच्या दिवसांतली गाभण मादी. पोटात पिलं जास्त असतील तर एक दिवसाच्या उपासमारीनेही तिच्या शरीरातली चरबी वितळून यकृतात साचते आणि मादी, पिलं दोन्ही जिवाला मुकू शकतात. लहान पिलांच्या बाबतीतही तासांचा हिशेब डॉक्टरांकडूनच घ्यावा.

प्रत्येक तपासणीला उपवास लागतो असंही नाही. रक्तपेशींची मोजणी, शी-ची तपासणी, हाड मोडलंय का हे पाहण्याचा एक्स-रे, यासाठी साधारणपणे पोट रिकामं असायची गरज नसते. शुगर, चरबीचं प्रमाण, पोटाची सोनोग्राफी आणि भूल, इथे ती असते. जेवणानंतर घेतलेल्या रक्तात चरबी उतरते आणि सिरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, दुधासारखं गढूळ होतं. मग यंत्र काही आकडे चुकीचे देतं. ‘फास्टिंग’ लिहून दिलं की कशासाठी, ते विचारून घ्या. उत्तरावरून तास ठरतात.

घड्याळ उलटं मोजायचं

आपण माणसांना सांगतो ते जेवणाची वेळ धरून: रात्री नऊला जेवा. फेरेटसाठी उलट बाजूने निघायचं. सुई कधी टोचणार, ती वेळ पक्की करायची आणि तिथून तीन-साडेतीन तास मागे जायचं. अपॉइंटमेंटची वेळ आणि सुईची वेळ एक नसते, हे दवाखान्यात बाहेर बसलेल्या कोणालाही माहीत आहे. अकराचा नंबर असतो, आत कुत्र्याचं ऑपरेशन लांबतं, साडेबारा वाजतात. माणूस वैतागतो आणि बसून राहतो. फेरेटचं तसं नाही चालत.

माझी धाकटी बहीण धुळ्याला असते, तिच्या मुलाने फेरेट पाळलाय. विदेशी प्राणी बघणारा डॉक्टर नाशिकला. धुळे ते नाशिक महामार्गाने साधारण १५५ ते १६० किलोमीटर, म्हणजे तीनेक तास. फेरेटचा अख्खा उपवास गाडीतच संपतो. घरून उपाशी निघायचं म्हटलं तर पोचेपर्यंत तीन तास झालेले आणि नंबर लागेपर्यंत पाच.

म्हणून हिशेब असा. सुईची वेळ अकरा. घरून साडेसहाला निघायचं, फेरेटने सकाळी हवं तेवढं खाल्लेलं. तासाभराने मालेगाव येतं, गाडी सावलीत लावायची, नेहमीचं खाणं पुढे ठेवायचं. साडेसातला वाटी उचलली की अकराला साडेतीन तास. आजाराचा संशय असेल तर वाटेत उपवास सुरूच करायचा नाही: राहूड घाट ओलांडून चांदवडला साडेआठला पुन्हा खायला घालायचं, आणि दोन-तीन तासांचा उपवास दवाखान्यात पोचल्यावरच, सुईची वेळही तशी ठरवून. मात्र वाटी उचलण्याआधी दवाखान्यात फोन लावायचा: "डॉक्टर वेळेवर आहेत ना?" उत्तर ‘हो’ आलं तरच उपवास सुरू. ‘थोडं मागेपुढे होईल’ असं आलं तर वाटी राहू द्यायची आणि बाकीचा उपवास तिथे पोचल्यावर. चार तास होऊन गेले आणि नंबर लागायची चिन्हं नाहीत, तर आत निरोप द्यायचा, डॉक्टरांना विचारून खायला घालायचं आणि नव्याने वेळ घ्यायची. पेट्रोल वाया गेलं तर गेलं.

शेवटचं खाणं नेहमीचंच हवं. प्रवास आहे म्हणून लाडाने काही गोड देऊ नये. आपल्या भागात केळ्याला कमी नाही आणि फेरेट ते आवडीने चाटतातही, पण गोड पोटात गेलं की साखर चढते, तिच्यामागून इन्सुलिन उसळतं आणि मग साखर आधी होती त्याच्याही खाली घसरते. आजारी फेरेटला तर हे महागात पडतं.

पाणी बंद करायचं नाही. उपवास फक्त अन्नाचा. भूल द्यायची असली तरी पाण्याची वाटी कधी काढायची, हे डॉक्टर सांगतील तेव्हाच. खानदेशात हा मुद्दा दोनदा सांगावा लागतो, कारण जळगाव, भुसावळ भागात मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो आणि फेरेटला तिशीपुढचं तापमानच झेपत नाही. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. पोट रिकामं, अंगात पाणी कमी आणि वर ऊन, या तिन्हींत तो किती टिकेल याची परीक्षा घेऊ नये. तातडीची नसेल ती तपासणी हिवाळ्यात करावी. उन्हाळ्यातच करावी लागली तर पहाटे निघावं, एसी चालणारी गाडी घ्यावी, बर्फ केलेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवावी. चहासाठी थांबताना त्याला बंद गाडीत सोडून जाऊ नये, पाच मिनिटंसुद्धा.

दिवाणाखालचं कोठार

वाटी उचलली म्हणजे उपवास सुरू झाला, असं फेरेटच्या बाबतीत समजू नका. हा प्राणी अन्न लपवतो. तोंडात आपल्या कोरड्या खाण्याचे दाणे भरतो आणि घरभर आपली कोठारं करतो. बहिणीकडे दिवाणाचा खण उघडला तेव्हा जुन्या गोधडीच्या घडीत दाण्यांचा ढीग निघाला. काही वास मारणारे, काही अगदी ताजे, आणि मधे उकडलेल्या कोंबडीचा वाळलेला तुकडा. जवळच भाच्याचा हरवलेला मोजाही. अशा घरात रात्रीपासून वाटी रिकामी ठेवली, तरी फेरेटने पहाटे गोधडीत जेवून घेतलेलं असतं. मग आपण म्हणतो उपाशी, आणि रिपोर्टमध्ये साखर झकास.

यावर उपाय एकच: उपवासाच्या तासांत त्याला पूर्ण झाडलेल्या पिंजऱ्यात ठेवायचं. अंथरूण बदलायचं, झोळी उलटी करून झटकायची, कोपरे हाताने चाचपायचे. प्रवासाच्या पिंजऱ्यातही एक चादर आणि पाण्याची बाटली, बस्स. दोन फेरेट असतील तर वाटी दोघांचीही उचलायची, नाहीतर वेगळं ठेवायचं; एकाने खाताना दुसऱ्याने बघत बसावं ही अपेक्षा धरू नये.

दुसरं कोठार माणसांचं. घरातली म्हातारी माणसं. बहिणीच्या सासूबाईंचा जीव तुटतो: "बिचाराले भूक लागनी व्हई, दोन दाणा टाकी दे ना!" आणि त्या टाकतातही, पदराआडून. त्यांना रागवून काही होत नाही. त्या स्वतः एकादशी करणाऱ्या, उपवास त्यांना कळतो. ‘याचा उपवास साबुदाण्याचा नाही, पाण्याचा आहे, आणि नऊलाच सुटणार आहे’ एवढं सांगितलं की त्या स्वतःच घड्याळाकडे बघत बसतात. पिंजऱ्यावर चिठ्ठी चिकटवावी ती मुलांसाठी.

आणखी एक जागा नजरेतून सुटते. रक्त काढताना फेरेटने वळवळू नये म्हणून त्याला चाटायला तेलकट किंवा मांसाची पेस्ट द्यायची पद्धत आहे. चाटण्यात तो इतका गुंगतो की सुई कळत नाही. इतर तपासण्यांना हे ठीक, पण शुगरच्या आधी नको. मानेमागची सैल कातडी धरून अलगद उचललं तरी बरेच फेरेट जांभई देऊन ढिले पडतात.

मान टाकली तर

फेरेटची झोप मेल्यासारखी असते. उचला, हलवा, पाय सोडून लोंबकळतो. नवीन पाळणाऱ्यांची यात पाचावर धारण बसते. मग उपवासाच्या वेळी ही झोप आहे की साखर उतरली, हे ओळखायचं कसं? झोपेतला फेरेट मिनिटा-दोन मिनिटांत हलतो, नाकाशी काही वासाचं आणलं की नाक फुरफुरतं, आणि एकदा उठला की ठणठणीत. साखर उतरलेला उठला तरी डोळे काचेसारखे, लाळ गळते, मागचे पाय फाकतात, हाक मारली तरी त्याचं लक्ष जात नाही. शंका आली तर ती साखरच समजावी. निरोगी फेरेटच्या हिरडीला चुकून चिमूटभर मध लागला तर बिघडत नाही. नाही लावला तर मात्र जीव जाऊ शकतो.

लावायचा तो हिरडीला. मध, साखरेचा पाक किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घट्ट कालवून, कान साफ करायच्या कापसाच्या काडीने गालाच्या आतून हिरडीवर चोळायचं. झटका आलेला असताना बोट तोंडात घालू नका. तो शुद्धीत नसतो, जबडा आवळला तर बोट सुटत नाही. चमच्याने तोंडात ओतूही नका, ते श्वासनळीत जातं. पाच-दहा मिनिटांत तो सावरू लागला आणि गिळता यायला लागलं की लगेच मांसाचं खाणं द्यायचं. नुसत्या साखरेवर थांबलात तर वर सांगितलेली उसळी येते आणि अर्ध्या तासाने पुन्हा तोच प्रकार. सावरला तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. तपासणी बिघडली, याचा विचार त्या वेळी करू नये. डॉक्टरांसाठी ही घटनाच मोठी माहिती असते: किती तासांनी झालं, कसं झालं, मध लावल्यावर किती वेळात सावरला. जमलं तर कोणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा.

आजाराची औषधं आधीपासून सुरू असतील तर सकाळचा डोस द्यायचा की थांबवायचा, हे आदल्या दिवशी विचारून ठेवा. मनाने बंद करू नका.

आमच्या टेबलावर काय बिघडतं

आता माझ्या कामातली गोष्ट, जी प्राणी पाळणाऱ्यांना सहसा कोणी सांगत नाही. रक्त बल्बमध्ये गेलं म्हणजे सगळं थांबलं, असं नसतं. त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या बल्बमध्ये, खोलीच्या तापमानाला, तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते. उकाड्यात त्याहून जास्त. समजा, फेरेटची खरी शुगर ९५ होती, म्हणजे ठीक. सॅम्पल चोपड्याहून दुपारच्या गाडीने जळगावला आलं, चार तास गेले. यंत्र दाखवणार ७५ च्या आसपास, आणि मे महिना असेल तर आणखी खाली. फेरेटला काहीच झालेलं नाही, पण कागदावर मात्र इन्सुलिनोमाचा संशय.

यासाठी राखाडी झाकणाचा बल्ब असतो, फ्लोराईडचा. तो पेशींचं साखर खाणं रोखतो. पण फ्लोराईडलाही पूर्ण पकड घ्यायला तास-दोन तास लागतात, म्हणून उत्तम मार्ग हाच की रक्त घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी वेगळ्या कराव्यात. डॉक्टरांकडेच यंत्र असेल तर तिथल्या तिथे शुगर पाहिलेली सर्वांत बरी. बाहेर पाठवायचं असेल तर विचारायला हरकत नाही: ग्रे बल्ब वापरणार का, आणि किती वेळात फिरवला जाईल? बल्ब लहान मुलांचा छोटा हवा. किलोभराच्या फेरेटच्या अंगात सगळं मिळून साठेक मिलिलिटरच रक्त असतं. मोठा बल्ब भरायच्या नादात जास्त काढू नये, आणि अर्धवट भरलेल्या मोठ्या बल्बमध्ये रसायनाचं प्रमाणही चुकतं.

घरी आजोबांसाठी आणलेला ग्लुकोमीटर? तो माणसाच्या रक्तावर बेतलेला. तांबड्या पेशी आणि प्लाझ्मा (रक्तातला द्रव) यांच्यात साखरेची वाटणी प्राण्यांत वेगळी असते, म्हणून फेरेटच्या रक्तावर असा मीटर खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवण्याकडे झुकतो. प्राण्यांसाठी वेगळे मीटर मिळतात. माणसांचा मीटर वापरलाच, तर त्या एका आकड्यावरून ‘गाठ आहे’ असं ठरवू नये.

भुलीच्या वायूचंही एक आहे. फेरेट हालू नये म्हणून काही ठिकाणी आयसोफ्लुरेन वायू देऊन रक्त काढतात. प्राण्याला त्रास कमी होतो, पण या वायूने फेरेटच्या तांबड्या पेशी प्लीहेत जाऊन साचतात आणि काही मिनिटांतच हिमोग्लोबिनचा आकडा घसरतो. रक्त कमी झालेलं नसतं, फक्त आकडा कमी. रिपोर्टवर ‘वायूखाली घेतलेलं सॅम्पल’ अशी नोंद असली की पुढचा डॉक्टर उगाच ॲनिमियाच्या मागे लागत नाही. चिठ्ठीवर आणखी दोन गोष्टी लिहून मागाव्यात: शेवटचं खाणं किती वाजता, सुई किती वाजता. आमच्याकडे येणाऱ्या प्राण्यांच्या चिठ्ठ्यांवर मालकाचा मोबाइल नंबर असतो, पत्ता असतो, नेमक्या या दोन वेळा नसतात.

सुई निघाली की उपवास सुटला. डॉक्टरांनी भूल दिली नसेल तर तिथेच, बाकड्यावर, पिंजऱ्यात वाटी ठेवा. उकडलेल्या कोंबडीचा बारीक खिमा, थोडं कोमट पाणी घालून सैलसर केलेला, मीठ-मसाला-कांदा-लसूण न घातलेला. घरच्या रश्श्यातले तुकडे धुऊन देऊ नका, कांद्यालसणाचा अंश राहतोच आणि तो फेरेटच्या रक्ताला मारक. भूल दिली असेल तर पूर्ण शुद्ध आल्यावर, बहुतेकदा तासाभरात, डॉक्टर सांगतील तेव्हा. पण मग ‘संध्याकाळी घरी गेल्यावर बघू’ असं करू नका, शुद्ध आल्यावर लवकर खायला मिळणं हाही त्या उपवासाचाच भाग आहे. भुकेला म्हणून एकदम ढीगभरही नको. एकादशी अन् दुप्पट खाशी हे माणसांनी करावं.

रिपोर्ट हातात आल्यावर आकडा साधारण असा वाचतात. नीट ३-४ तास उपाशी असलेल्या फेरेटची शुगर ९० ते १२० च्या आसपास असते. ६० च्या खाली आली आणि सॅम्पल वेळेत फिरवलेलं होतं, तर इन्सुलिनोमाचा संशय बळावतो. ६० ते ८० च्या मधला आकडा आला, तर त्या एका कागदावर औषध सुरू करण्यापेक्षा डॉक्टर काही दिवसांनी पुन्हा तपासणी सांगतात. तेव्हा तास तेच ठेवायचे, बल्ब तोच, शक्यतो यंत्रही तेच. नाहीतर दोन रिपोर्टांतला फरक फेरेटमुळे पडला की प्रवासामुळे, हे कोणालाच सांगता येणार नाही.